पक्ष्यांची यादी व तिचा खरेपणा

सुटीच्या दिवशीं पहाटे दुर्बीण गळ्यांत अडकवून गांवाबाहेर पडावें, दिसतील ते पक्षी न्याहाळावे आणि घरीं परत आल्यावर त्यांचीं नांवें वहींत उतरून ठेवावीं, ही हौस अलीकडे आपल्या सुशिक्षित कुटुंबांत बरीच पसरली आहे. तिचें आम्ही स्वागतच करतों. परंतु या वह्यांकडे वाङ्मय या दृष्टीनें सहसा कोणी पाहात नाहीं. यादीला वाङ्मय कसलें, असें कोणी विचारील. पण रोजनिशी काय, बखर काय, हीं सारीं मुळांत नोंदींचींच रूपें होत. त्यांची परीक्षा जर आपण करतों, तर पक्ष्यांच्या यादीनेंच काय पाप केलें? आमच्या मतें ती लेखनाची एक स्वतंत्र जात आहे, आणि तिचें मोल ठरतें तें नांवांच्या संख्येवरून नव्हे, नोंदींच्या खरेपणावरून.

उदाहरणादाखल बुलढाणा जिल्ह्यांतील साखरखेर्डा हें गांव घ्यावें. इतिहासाच्या पुस्तकांत या गांवाच्या वांट्याला एकच तारीख आली आहे. १७२४ च्या आक्टोबरांत निजाम-उल्-मुल्कानें येथें मुबारिझखानाचा पराभव केला, दक्षिणेंत निजामी राज्याचा पाया घातला गेला, आणि विजयाची खूण म्हणून गांवास फत्तेखेर्डा हें नांव मिळालें. लोकांनीं मात्र आपली साखर सोडली नाहीं! आतां याच गांवचा एखादा शिक्षक अथवा दुकानदार भोंवतालच्या शिवारांतील पक्ष्यांची वही ठेवूं लागला, तर गांवाला वर्षभराच्या तारखा मिळतील. धोबी पक्षी पाणवठ्यावर प्रथम केव्हां उतरला, पावशा कोणत्या दिवशीं बोलला, विहिरीवरच्या बाभळीला सुगरणींचीं घरटीं केव्हां लोंबूं लागलीं (विणणारा नर, नांव मात्र सुगरणीचें), भोरड्यांचे थवे केव्हां आले नि केव्हां गेले. यांत दुर्मिळ असें कांहींच नाहीं. पण गिल्बर्ट व्हाइट या इंग्रज धर्मोपदेशकानें आपल्या सेलबोर्न गांवाविषयीं अशाच बारीकसारीक गोष्टी पत्रांतून लिहिल्या. त्यांचें पुस्तक १७८९ सालीं निघालें आणि तें अद्यापि वाचलें जातें.

प्रत्यक्षांत काय घडतें? जिल्ह्यांतील हौशी मंडळींची धांव बहुधा लोणारकडे, नाहींतर खडकपूर्णेच्या जलाशयाकडे. लोणारचें उल्काघातानें झालेलें खारें सरोवर आणि त्याच्या कांठची झाडी हें स्थळ खरोखरच अपूर्व आहे. २०२० सालीं रामसर करारान्वयें त्याची महत्त्वाच्या पाणथळींत गणनाही झाली. तेथें अवश्य जावें. पण एका सकाळींत पन्नाससाठ नांवें लिहून आणावयाचीं आणि पुढल्या रविवारीं दुसरें तळें गांठावयाचें, ही आगगाडीच्या खिडकींतून देवळें मोजणाऱ्याची यात्रा झाली. अशा यादींत नांवापुढें दिवस नसतो, नेमकें स्थळ नसतें, पक्षी किती होते याचा पत्ता नसतो. तो काय करीत होता हें तर दूरच राहिलें. शंभरावें नांव लिहितांना जो आनंद होतो तो शंभर या आंकड्याचा. पक्षी बापडा निमित्तमात्र.

आंकड्याची ही हांव निरुपद्रवी आहे असें ज्यांस वाटत असेल त्यांनीं रानपिंगळ्याची कथा ध्यानांत घ्यावी. १८७२ सालीं आजच्या छत्तीसगडांतील बसना गांवाच्या परिसरांत ब्लूइट या गृहस्थाला या लहानशा घुबडाचा पहिला नमुना मिळाला, आणि पुढल्याच वर्षीं ह्यूमसाहेबांनीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. नंतर खानदेशांत नोकरीवर असलेल्या डेव्हिडसन नांवाच्या मुलकी अधिकाऱ्यानें आणखी कांहीं नमुने गोळा केले. १८८४ नंतर हा पक्षी कोणाच्या हातीं लागला नाहीं. अपवाद एकच, कर्नल माइनर्ट्झहागेन यांचा. आपण १९१४ सालीं गुजराथेंतील मांडवी येथें तो मिळविला, असें त्यांच्या चिठ्ठीवर लिहिलेलें होतें. माणूस नामांकित, तेव्हां चिठ्ठी खरी मानली गेली, आणि पुढें शोध करणारे तिच्या भरंवशावर भलत्याच मुलखांत हिंडले. अखेरीस पामेला रासमुसेन या विदुषीनें नमुन्याची बारकाईनें तपासणी केली. तो पक्षी डेव्हिडसनचाच. संग्रहालयांतून चोरलेला, पुन्हा पेंढा भरून बसविलेला आणि नव्या चिठ्ठीनें सजविलेला! ती खोटी नोंद बाजूस सारून रासमुसेनबाई व त्यांचे दोघे सहकारी जुन्या खऱ्या नोंदींच्या मागानें निघाले, आणि १९९७ च्या नोव्हेंबरांत शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा जिवंत दिसला. पुढें आपल्या मेळघाटांतही तो सांपडला. एकशें तेरा वर्षांचें हें अज्ञान सर्वस्वीं कर्नलसाहेबांनींच लादलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. पण एका ओळीच्या लबाडीनें किती पावलें वांकडीं पडतात, हें यावरून दिसतें. आपल्या वहींतील 'दिसला असावा' याचें 'दिसला' करतांना हात थांबावयास हवा तो याचसाठीं.

उलट, सामान्य पक्ष्याची खरी नोंद किती दूर पोंचते पाहा. सलीम अली (१८९६–१९८७) जेमतेम दहा वर्षांचे असतांना त्यांनीं चिमण्यांच्या एका घरट्याविषयीं टिपण केलें होतें. घरट्याबाहेर पहारा करणारा नर या पोरानें छऱ्याच्या बंदुकीनें मारला. मादीनें लगोलग दुसरा मिळविला. सात दिवसांत असे आठ नर पडले आणि दर वेळीं जागा भरली गेली. कृत्य आजच्या वाचकांस क्रूर वाटेल, आम्हांसही वाटतें. परंतु विषय दारची चिमणी, लेखक शाळकरी मुलगा, आणि नोंदींत दिवसांची व पक्ष्यांची मोजदाद. म्हणूनच सुमारें साठ वर्षांनीं तें टिपण जसेंच्या तसें छापण्याजोगें ठरलें.

आज ई-बर्ड या नांवानें जगभरच्या याद्या एकत्र होतात, आणि तेथें पुऱ्या यादीला विशेष मान आहे. पुरी यादी म्हणजे त्या फेरींत ओळखूं आलेला प्रत्येक पक्षी लिहावयाचा, कावळा-साळुंकीसुद्धां. असें केलें म्हणजे जो पक्षी लिहिला गेला नाहीं तो दिसला नाहीं, असें मानतां येतें. शून्यालाही किंमत येते. हजारों लोकांच्या अशा नोंदींवरून २०२३ सालीं भारतांतील ९४२ जातींचा आढावा निघाला. मोर वाढत आहे आणि आपला नीलकंठ, ज्याला कोणी चास म्हणतात, घटत आहे, हें त्यांत दिसून आलें. दसऱ्याला ज्याचें दर्शन शुभ मानावयाचें तो तारेवर बसलेला दिसतो म्हणून ज्यांनीं त्याची नोंद केली नाहीं, त्यांच्या शंभरी याद्या या कामीं निरुपयोगी ठरल्या.

भोरड्यांचेंही तसेंच आहे. ज्वारी हुरड्यावर आली कीं यांचे थवे शेतावर पडत, आणि माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा राखणदार हें वऱ्हाडांतील नेहमींचें चित्र होतें. विदर्भांत ज्वारीचें क्षेत्र गेल्या कांहीं दशकांत फार घटलें, सोयाबीन वाढलें. कोणा साखरखेर्डेकराची तीस वर्षांची वही जर हातीं आली, तर भोरड्यांच्या नोंदींतून पीकपालटाचा इतिहासही वाचतां येईल.

आणखी एक दोष सांगितल्यावांचून राहवत नाहीं. या वह्या बहुधा इंग्रजी नांवांनीं भरलेल्या असतात. ज्या पक्ष्याच्या हांकेंत शेतकऱ्याला 'पेरते व्हा' ऐकूं येतें त्याला पावशा म्हणावयाचें, ठोक्यासारख्या आवाजावरून दुसऱ्याला तांबट, टोळीनें कलकलाट करणाऱ्यांना सातभाई. या एकेका नांवांत एकेक निरीक्षण सांठवलेलें आहे. वनखात्यांत आयुष्य वेंचलेले मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनीं 'पक्षिकोशा'साठीं अशीं नांवें रानावनांतून वेंचलीं. त्या कामाची योग्यता फार मोठी आहे. पण कोश झाला म्हणजे वेंचणें संपलें असें नव्हे. इंग्रजी नांवाचा शब्दशः तर्जुमा करून रंग व अवयव यांची मोट बांधण्यापेक्षां, मेंढरांमागें हिंडणाऱ्या धनगराला त्या पक्ष्याचें नांव विचारून तेंच वहींत लिहिलें, तर काय बिघडेल? शास्त्रीय नांव शेजारीं लिहावें म्हणजे घोटाळा होणार नाहीं.

आतां प्रश्न राहतो वहीच्या जपणुकीचा. ज्यांनीं रानपिंगळ्याचें पहिलें वर्णन केलें ते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिणार होते, आणि पंचवीस वर्षांचीं टिपणें त्यासाठीं त्यांनीं जमविलीं होतीं. ते सिमल्याबाहेर गेले असतां एका नोकरानें तीं बाजारांत रद्दी म्हणून विकून टाकलीं. ह्यूम यांचें मन त्या विषयावरून उडालें. आपला प्रचंड पक्षिसंग्रह त्यांनीं १८८५ सालीं ब्रिटिश म्यूझियमला देऊन टाकला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते मुंबईस काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनांत हजर होते. पक्ष्यांचा तो ग्रंथ कधींच लिहिला गेला नाहीं.