शस्त्रक्रियेतला गट आणि घड्याळ

शस्त्रक्रियेचे नवे तंत्र आले की ते शिकतो कोण? ‘शल्यविशारद’ हे उत्तर कोणीही देईल. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या एमी एडमंडसन, रिचर्ड बोमर आणि गॅरी पिसानो यांनी ते तपासून पाहिले. अमेरिकेतल्या १६ रुग्णालयांत हृदयशस्त्रक्रियेचे एकच नवे तंत्र कसे रुजले, यावरचे त्यांचे लेखन २००१ साली प्रसिद्ध झाले.

आधी तंत्र समजून घेऊ. नेहमीच्या पद्धतीत छातीचे मधले हाड कापून हृदय उघडे करतात. हृदय थांबवण्यासाठी महारोहिणी चिमट्याने बंद करावी लागते आणि तो चिमटा शल्यविशारदाच्या डोळ्यांसमोर असतो. नव्या पद्धतीत बरगड्यांमधल्या लहान छेदातून काम चालते. चिमट्याऐवजी जांघेतल्या रोहिणीतून एक फुगा वर सरकवून महारोहिणीत फुगवतात. हा फुगा शल्यविशारदाला दिसत नाही. भूलतज्ज्ञ तो अन्ननलिकेत उतरवलेल्या सोनोग्राफीच्या नळीने पाहतो. हृदय-फुप्फुस यंत्र चालवणारा तंत्रज्ञ दाबाच्या आकड्यांवर नजर ठेवतो. फुगा सरकला तर मेंदूचा रक्तपुरवठा अडू शकतो. आजवर ज्याचा शब्द अखेरचा होता, त्याला आता इतरांच्या शब्दावर हात चालवायचा असतो.

सर्व गटांचे प्रशिक्षण सारखेच झाले होते. तरी काही गटांचा वेळ भराभर कमी झाला, काहींचा नाही. रुग्णालयाचा लौकिक, शल्यविशारदाची ज्येष्ठता यांनी हा फरक उलगडेना. एका नामांकित शल्यविशारदाला या तंत्राचा आधीच भरपूर अनुभव होता, पण त्याचा गट मागे राहिला. दुसरीकडे एका तरुण शल्यविशारदाने माणसे निवडली, सुरुवातीला तीच कायम ठेवली आणि दिसेल ते बोला असे सांगितले. तो गट पुढे गेला. हा निष्कर्ष आम्हाला पटतो. आमच्या प्रयोगशाळेत एकदा निर्वात पंपाचा आवाज बदललेला मदतनीसाने ऐकला होता, पण आम्हाला कसे सांगावे म्हणून तो गप्प राहिला. पंप गेला. तिथे फक्त पंप होता.

आमची हरकत मोजपट्टीला आहे. एका निबंधात यश म्हणजे तंत्राचा वापर: किती शस्त्रक्रिया या पद्धतीने झाल्या, विभागाच्या एकूण कामात त्यांचा वाटा किती, आणि वापर वाढतो आहे की नाही. दुसऱ्यात ६६० रुग्णांच्या शस्त्रक्रियांना लागलेला वेळ मोजला; रुग्णांच्या प्रकृतीतला फरक हिशेबात घेतला, हे चांगलेच. पण एखाद्या विभागाने विचारपूर्वक हे तंत्र सोडून दिले असेल, तर पहिल्या मापाने तो नापास ठरतो. शिवाय मोकळ्या बोलण्यामुळे यश आले, की यश येऊ लागल्यावर माणसे मोकळी झाली, हे १६ उदाहरणांवरून वेगळे काढणे कठीण आहे.

शिकण्याचे माप वेगळे असू शकते. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचे तंत्र नवे असताना, १९९१ साली, अमेरिकेतल्या सदर्न सर्जन्स क्लबने १५१८ शस्त्रक्रियांची माहिती प्रसिद्ध केली. प्रत्येक शल्यगटाच्या पहिल्या १३ रुग्णांत पित्तनलिकेला इजा होण्याचे प्रमाण २.२ टक्के होते. नंतरच्या रुग्णांत ते ०.१ टक्के झाले. इथे शिकण्याची किंमत कोणी मोजली ते आकड्यातच दिसते. मात्र या आकड्यांत गटातल्या परिचारिका आणि भूलतज्ज्ञ कुठेच नाहीत; कोणी काही पाहिले होते का, सांगितले होते का, हे त्यांतून कळत नाही. हार्वर्डच्या मंडळींनी नेमके तेच विचारले. त्यांनी सोबत पित्तनलिकेसारखे एखादे माप मुख्य धरले असते, तर आम्हाला त्यांच्या निष्कर्षावर अधिक विसंबता आले असते.

या कामाचा सुटसुटीत अवतार ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’च्या ऑक्टोबर २००१ च्या अंकात आहे. शिक्षकांनी तो जरूर वाचावा. प्रयोगाच्या तासाला चौघांच्या गटात एकच मुलगा उपकरण हाताळतो, त्यांना तो ओळखीचा वाटेल. पण यश कशाला म्हटले आहे हे पाहायचे, तर ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह सायन्स क्वार्टर्ली’तला मोठा निबंधच उघडावा लागतो.