नकाशा कोणाच्या हाती?

लिन्स्कोटेन हा डच तरुण १५८३ साली आर्चबिशपचा चिटणीस म्हणून गोव्यास आला. त्याचा ‘इतिनेरारियो’ हा ग्रंथ १५९६ मध्ये ॲम्स्टरडॅमला निघाला. त्यातला गोव्याचा नकाशा देखणा आहे; रस्ते, चर्चे, बाजार ओळखीचे वाटावेत असे रेखलेले. पण पोर्तुगीजांनी जपलेले जलमार्गही याच ग्रंथाने उघडे केले. अवघ्या सहा वर्षांनी, १६०२ मध्ये, डच ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. पुढे तिची वखार आपल्या वेंगुर्ल्यास झाली.

नाशिकच्या द्वारकेवर मुंबई-आग्रा आणि पुण्याचे रस्ते मिळतात. तिथे वाटसरू वाट पुसतो ती घर गाठण्यासाठी. लिन्स्कोटेनच्या व्यापारी वाचकाला गाठायची होती मिरी. म्हणून नकाशाच्या सुबक रेषेचे कौतुक जरूर करावे. मात्र ती कोणाच्या कामी आली, हेही रसिकाने पाहावे.