वाय-फायचे मानक : लोणारच्या काठावरून पाहताना

बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर आपल्यापैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिले असेल. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. एका काठावर उभे राहिले की समोरचा काठ स्वच्छ दिसतो. मध्ये ना घर, ना टेकडी. आता कल्पना करा, की दोन्ही काठांवर एकेक संगणक ठेवला आहे आणि ते दोन्ही वाय-फायने जोडायचे आहेत. (कल्पनाच करा, तो परिसर संरक्षित आहे.) योग्य अँटेना समोरासमोर रोखले, तर संदेशाची शक्ती पुरेल. तरीही मानकाचे अक्षरशः पालन करणारी यंत्रे इथे अडखळू शकतील. असे का व्हावे?

मानक म्हणजे उत्पादकांनी आपसांत पाळायचा करार. नट एका कारखान्याचा आणि बोल्ट दुसऱ्याचा असला तरी आटे जुळतात, ते मानकामुळे. बिनतारी स्थानिक जाळ्यांचे आटे ठरवले ते ‘८०२.११’ या मानकाने. १९८५ साली अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने काही रेडिओ-पट्टे परवान्याशिवाय वापरायला मोकळे केले. एनसीआर या कंपनीला दुकानांतली गल्ल्याची यंत्रे तारांशिवाय जोडायची होती. १९९० साली विद्युत अभियंत्यांच्या ‘आयईईई’ या संस्थेत समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष होते एनसीआरचेच व्हिक हेस. १९९७ साली पहिले मानक आले. त्याचा वेग होता सेकंदाला २ मेगाबिट. १९९९ साली तो ११ आणि ५४ मेगाबिट झाला आणि २०२१ च्या मानकात कागदावर सुमारे ९.६ गिगाबिटांपर्यंत गेला.

या मानकाचा गुण आधी सांगितला पाहिजे. ते सर्वांना खुले आहे. म्हणूनच कोणत्याही कंपनीचा फोन कोणत्याही कंपनीच्या राउटरशी बोलतो, आणि म्हणूनच ही यंत्रे इतकी स्वस्त झाली. पण करार करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोणते जग होते, हेही कराराच्या कलमांतच वाचायला मिळते.

या जाळ्यातली शिस्त वर्गासारखी असते. बोलण्याआधी प्रत्येक यंत्र कानोसा घेते. शांतता असेल तरच बोलते. ऐकणाऱ्याने लगेच ‘मिळाले’ अशी पोचपावती द्यायची. ठरलेल्या वेळात पावती आली नाही, तर संदेश हरवला असे धरून तो पुन्हा पाठवायचा. सारा खेळ वेळेचा आहे. रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात, ३०० मीटर जाते. ५ गिगाहर्ट्झवरील १९९९ च्या मानकात कानोसा घेण्याचा कालखंड ९ मायक्रोसेकंदांचा आहे, आणि त्यात लहरीच्या प्रवासासाठी धरलेला वेळ आहे एका मायक्रोसेकंदापेक्षाही बराच कमी. याचा अर्थ, दोन यंत्रांतले अंतर ३०० मीटरांच्या आतच असणार, हे गृहीत धरलेले आहे. लोणारचे विवर ओलांडायला लहरीला ६ मायक्रोसेकंद लागतात. जाऊन येऊन १२. पावतीसाठी ठेवलेली सवड साधारण एका कालखंडाचीच. त्यामुळे संदेश पोचूनही पावती उशिरा येते आणि पाठवणारा तेच तेच पाठवत राहतो. शिवाय पलीकडचा बोलू लागला आहे हे ऐकू येण्याआधीच अलीकडचाही बोलू लागतो.

दुकान, कचेरी, घर हे त्या समितीचे जग होते. तिथे हे गृहीतक चूक नव्हते. पण ज्या गावाची शाळा शिवारापलीकडे आहे, ते गाव या हिशेबात नव्हते. पुढे मानकात जास्त अंतराची सोय झाली आणि अनेक उत्पादकांनीही ही सवड वाढवण्याची मुभा दिली. २०१६ साली तर एक किलोमीटरपर्यंत पोचणारे कमी वारंवारतेचे एक वेगळे मानकही मंजूर झाले. तरी ती मूळ पायावर मागाहून केलेली बांधकामे होत. वेग हजारो पटींनी वाढवण्यात जेवढी बुद्धी खर्ची पडली, तेवढी पल्ला वाढवण्यात पडली नाही, असे माझे मत आहे. कारणही उघड आहे. समितीत मत व्यक्तीला असते, मंजुरीला ७५ टक्के मते लागतात. पण मताचा अधिकार मिळतो तो बैठकांना वारंवार हजर राहून. हा प्रवासखर्च साधारणपणे मोठ्या कंपन्यांनाच परवडतो. दार सर्वांना उघडे असले, तरी सर्वांना तिथवर पोचता येतेच असे नाही.

सगळा दोष परक्यांच्या माथी मारणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवान्याशिवाय वापरायला मिळाला तो जानेवारी २००५ मध्ये, पहिल्या मानकानंतर सात वर्षांहून अधिक काळाने. त्यातही अँटेना छपरापासून ५ मीटरांपेक्षा उंच नको, अशी अट होती. एकमजली शाळेच्या छपरावर ५ मीटर म्हणजे कडुनिंबाच्या शेंड्याइतकेच! ५ गिगाहर्ट्झजवळचा मोठा पट्टा घराबाहेरच्या वापरासाठी खुला व्हायला २०१८ उजाडले.

याच काळात आपल्याकडच्या संशोधकांनी ही गृहीतके तपासली, ही समाधानाची गोष्ट आहे. कानपूरच्या आयआयटीत भास्करन रामन आणि कामेश्वरी चेब्रोलू यांनी (पुढे दोघेही मुंबईच्या आयआयटीत आले) हीच स्वस्त वाय-फाय यंत्रे वापरून कित्येक किलोमीटर दूरची गावे जोडली, आणि कानोसा घेण्याऐवजी पाळीपाळीने बोलण्याची पद्धत सुचवली. मुंबईच्या आयआयटीत अभय करंदीकर यांच्या गटाने पालघर जिल्ह्यातल्या खामलोली परिसरात दूरदर्शनच्या वापरात नसलेल्या वारंवारतांवरून पाड्यापाड्यांपर्यंत जोडणी नेली आणि शेवटच्या टप्प्याला वाय-फाय ठेवले. हा गट तिथेच थांबला नाही. ग्रामीण गरज मध्यवर्ती धरणारा आराखडा घेऊन तो त्याच आयईईईच्या दारी गेला, आणि २०२४ साली ‘२०६१’ हे मानक मंजूर झाले. प्रयोग यशस्वी करणे वेगळे आणि त्याचा करार करून घेणे वेगळे. दुसरे काम अधिक कंटाळवाणे असते, पण टिकते तेच. या मानकाची यंत्रे बाजारात किती येतील, त्यावर त्याची खरी परीक्षा होईल.

आपण वर्गात मानके शिकवतो ती निसर्गनियमांसारखी. प्रकाशाचा वेग निसर्गाने ठरवला आहे; ९ मायक्रोसेकंद माणसांनी ठरवले आहेत. हा फरक नववी-दहावीच्या मुलांना सहज कळेल. शाळा आणि ग्रामपंचायत यांच्यातले अंतर त्यांना मोजू द्या, ३०० मीटरांनी भागू द्या. उत्तर एकापेक्षा मोठे आले, तर आपले गाव त्या करारात धरलेले नव्हते. मग तो करार कोणी, कुठे बसून केला आणि तो बदलायचा कसा, हे मुलेच विचारतील.