सार्जंट वॉटर्सला कोणी मारले?

चार्ल्स फुलर यांचे ‘अ सोल्जर्स प्ले’ हे नाटक १९८१ साली न्यूयॉर्कच्या निग्रो एन्सेम्बल कंपनीने रंगमंचावर आणले आणि पुढच्याच वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. काळ १९४४ चा, स्थळ लुइझियानातील लष्करी छावणी. अमेरिकन सैन्यात तेव्हा काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या होत्या. हिटलरच्या वंशवादाशी लढणाऱ्या या फौजेतला भेद संपवण्याचा हुकूम राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी काढला, तो १९४८ साली!

नाटकातले काळे शिपाई आघाडीवर जायला आसुसलेले आहेत. वाट्याला येतात ते बेसबॉलचे सामने आणि छावणीतली हलकी कामे. अशात त्यांच्या सार्जंट वॉटर्सचा खून होतो. संशय अर्थातच गोऱ्यांवर. तपासाला येतो कॅप्टन डेव्हनपोर्ट, वकील आणि स्वतः काळा. गोळी झाडणारा निघतो तुकडीतलाच काळा शिपाई पीटरसन.

पण आम्हाला नाटक संपल्यावरही सोडत नाही तो वॉटर्स. गोऱ्यांसारखे नीटनेटके वागले, पोरांना शिकवले की इज्जत मिळेल, असा त्याचा विश्वास. म्हणून त्याचा सारा राग सी. जे. मेम्फिसवर. दक्षिणेकडचा हा भोळा पोरगा गिटार घेऊन गातो आणि वॉटर्सला तो साऱ्या कौमची बदनामी वाटतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये गोऱ्यांनी एका काळ्या शिपायाला शेपूट लावून माकडासारखे नाचवले होते. वॉटर्स आणि त्याच्या साथीदारांनी गळा चिरला तो नाचणाऱ्याचा; नाचवणारे सुखरूप राहिले. सी. जे.लाही तो खोट्या आरोपात अडकवतो आणि तो पोरगा कोठडीत जीव देतो. मरणाच्या रात्री दारूच्या नशेत वॉटर्सला उमगते, की इतके करूनही गोऱ्यांचा तिरस्कार तसूभरही कमी झालेला नाही.

कवी अमिरी बराका यांनी फुलर यांच्यावर कडाडून टीका केली. हे लेखन गोऱ्या सत्तेला सोयीचे आहे, असा त्यांचा रोख होता. हा आक्षेप आम्ही सहज उडवून लावणार नाही. घरातले दुखणे चव्हाट्यावर मांडले की विरोधकांच्या हाती कोलीत मिळते, हे आपल्या लिहिणाऱ्यांनीही कमी वेळा ऐकलेले नाही. पण फुलर गोऱ्यांना मोकळे सोडतात, हे आम्हाला पटत नाही. वॉटर्सच्या डोक्यात जो पहारेकरी बसला आहे, तो त्या विभागलेल्या फौजेनेच तिथे नेमला आहे. गोऱ्यांना स्वतः बंदूक उचलावी लागली नाही, एवढेच.

आमची तक्रार आहे ती १९८४ च्या चित्रपटाविषयी. पटकथा खुद्द फुलर यांचीच, दिग्दर्शन नॉर्मन ज्यूइसन यांचे. वॉटर्सच्या भूमिकेत अॅडॉल्फ सीझर यांनी कमाल केली आहे. मात्र शेवटी तुकडी उत्साहाने आघाडीकडे कूच करते आणि पडदा पडतो. नाटकात डेव्हनपोर्ट त्यापुढचेही सांगतो. ती अख्खी कंपनी जर्मनीत रूरच्या खोऱ्यात मारली गेली. आणि लष्कराच्या कागदोपत्री घोळामुळे वॉटर्सची नोंद लढाईत कामी आलेला वीर म्हणून झाली.