बिनमालकाच्या घराची डागडुजी

‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे दोन शब्द आपण अनेकदा एकाच अर्थाने वापरतो. संगणकाच्या आज्ञावलींबाबत ही गल्लत महागात पडते. मॅस्टोडॉन या समाजमाध्यमाचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. त्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते बऱ्याच अंशी रास्तही आहे. मात्र त्याच्या देखभालीचा खर्च कोण उचलतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो येथे तपासून पाहू.

मॅस्टोडॉनची आज्ञावली २०१६ साली जर्मनीत ऑयगेन रोच्को यांनी प्रसिद्ध केली. ती कोणीही उतरवून घ्यावी, स्वतःच्या सर्व्हरवर चालवावी, हवी तशी बदलावी. असे हजारो सर्व्हर आज एकमेकांशी बोलतात. एका कंपनीच्या ई-मेलवरून दुसऱ्या कंपनीच्या ई-मेलवर पत्र जाते, तसाच हा प्रकार आहे. सर्व्हरांनी आपसांत कोणत्या भाषेत बोलायचे याचे ‘ॲक्टिव्हिटीपब’ नावाचे नियम २०१८ च्या जानेवारीत वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने मान्य केले. परिणामी कोणा एका धनिकाला हे माध्यम विकत घेता येत नाही. २०२२ साली ट्विटर ४,४०० कोटी डॉलरना विकले गेले. तसा सौदा येथे संभवत नाही.

सत्तेची ही विभागणी खरी आहे. पण सत्ता वाटली म्हणजे कामही वाटले गेले, हा निष्कर्ष चुकीचा आहे. थोडे गणित करून पाहू. समजा, एका व्यक्तीचे अनुयायी ४०० वेगवेगळ्या सर्व्हरवर आहेत. तिने एक निरोप लिहिला की तो ४०० ठिकाणी स्वतंत्रपणे पोचवावा लागतो. सोबत १ मेगाबाइटचे चित्र असेल, तर प्रत्येक सर्व्हर सहसा त्याची प्रत स्वतःकडे ठेवतो. म्हणजे एका चित्रासाठी ४०० मेगाबाइट जागा लागली. वीज, साठवण, सुरक्षा, आक्षेपार्ह मजकुराची छाननी, ही सारी कामे प्रत्येक ठिकाणी नव्याने करावी लागतात. विकेंद्रीकरणाने देखभाल भागली जात नाही, तिचा गुणाकार होतो. निरोप सर्व सर्व्हरांतून फिरतो. खर्च मात्र ज्याच्या दारी पडला त्याच्याच दारी राहतो. खर्च वाटून घेण्याची कोणतीही तरतूद या नियमांत नाही.

आता जमेची बाजू पाहू. ही व्यवस्था मुख्यतः देणग्यांवर चालते, आणि देणग्या लाटेसारख्या येतात. ट्विटरच्या विक्रीनंतर ऑक्टोबर ते नोव्हेंबर २०२२ या काळात मॅस्टोडॉनचे सक्रिय सदस्य सुमारे ३ लाखांवरून २५ लाखांवर गेले. त्या वर्षी मूळ संस्थेला सुमारे सव्वातीन लाख युरो देणगी मिळाली. पुढे सदस्यसंख्या १० लाखांच्या खाली आली. आज्ञावलीतील दोष मात्र लाटेबरोबर ओसरत नाहीत. २०२४ साली जर्मनीच्या कर खात्याने संस्थेचा धर्मादाय दर्जा काढून घेतला. २०२५ च्या जानेवारीत संस्थेने वर्षाला ५० लाख युरोंची गरज जाहीर केली. त्याच वर्षी रोच्को प्रमुखपदावरून पायउतार झाले. एवढ्या मोठ्या जाळ्याचा भार दीर्घकाळ एका व्यक्तीच्या खांद्यावर होता, ही गोष्ट भूषणाची नव्हे, काळजीची मानली पाहिजे.

पैसा नसेल तर नेमके काय बिघडते? २०२३ साली मोझिलाने पदरचे पैसे देऊन क्युअर-फिफ्टीथ्री या तज्ज्ञ कंपनीकडून मॅस्टोडॉनची तपासणी करवून घेतली. तीत गंभीर दोष आढळले. मुद्दाम विशिष्ट तऱ्हेने बनवलेली चित्राची वा ध्वनीची फाइल पाठवून परक्या सर्व्हरचा ताबा मिळवणे शक्य होते. त्यावरील दुरुस्ती ६ जुलै २०२३ रोजी प्रसिद्ध झाली. ‘हजारो डोळे आज्ञावली पाहतात, म्हणून ती सुरक्षित’ हा युक्तिवाद आपण नेहमी ऐकतो. येथे आज्ञावली कित्येक वर्षे सर्वांसमोर उघडी होती. दोष सापडला तो कोणीतरी बघण्याचे पैसे दिले तेव्हा. आणि दुरुस्ती आल्यावरही प्रत्येक सर्व्हरच्या चालकाने ती स्वतः बसवणे भागच होते.

दुसरे उदाहरण युरोपीय संघाचे. तेथील विदा-संरक्षण पर्यवेक्षकांनी एप्रिल २०२२ मध्ये युरोपीय संस्थांसाठी ‘ईयू व्हॉइस’ हा मॅस्टोडॉनवर आधारित सर्व्हर प्रयोग म्हणून सुरू केला. तो सांभाळायला दुसरी युरोपीय संस्था मिळाली नाही, म्हणून १८ मे २०२४ रोजी तो बंद झाला. तंत्रज्ञान नापास झाले नव्हते. पालक मिळाला नाही. सर्व्हर बंद होताना सदस्य आपले अनुयायी दुसरीकडे नेऊ शकतात, पण जुने लेखन नव्या खात्यावर जात नाही. विकेंद्रीकरणाच्या पुरस्कर्त्यांनी ही उणीव अधिक गांभीर्याने घ्यायला हवी.

भारतातही २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये अशी एक लाट आली होती. सर्वोच्च न्यायालयातील वकील संजय हेगडे यांचे ट्विटर-खाते बंद झाल्यावर अनेक भारतीयांनी मॅस्टोडॉनवर खाती उघडली. त्या वेळी चर्चा झाली ती अभिव्यक्तिस्वातंत्र्याची. आपण ज्या सर्व्हरवर आलो त्याचे बिल कोण भरते, हा प्रश्न त्या चर्चेत जवळजवळ नव्हताच.

यावर कोणी म्हणेल, मग कंपन्यांचीच माध्यमे बरी. तसे नाही. तेथे देखभालीचा खर्च जाहिरातदार देतात आणि त्याची किंमत आपण आपल्या माहितीच्या रूपाने मोजतो. पर्याय हवाच आहे. पण तो टिकायचा असेल तर तीन गोष्टी आवश्यक दिसतात. प्रत्येक सर्व्हरचा जमाखर्च सदस्यांसमोर मांडला जावा. विद्यापीठे व सार्वजनिक संस्थांनी पगारी माणसे नेमून स्वतःचे सर्व्हर चालवावेत. युरोपीय आयोग आज असा सर्व्हर चालवतो. आणि जे या आज्ञावलीचा मोठ्या प्रमाणावर वापर करतात, त्यांनी तिच्या दुरुस्तीचा नियमित वाटा उचलावा. परवान्याच्या आधारे बदललेली आज्ञावली मागता येते, पैसा मागता येत नाही. २०२१ साली ‘ट्रुथ सोशल’ने हीच आज्ञावली वापरून तसे सांगितले नाही, आक्षेप घेतल्यावर तिने आज्ञावली खुली केली. परवान्याची ताकद तिथवरच पोचते.

गावातली विहीर सर्वांची असते. पण तिचा गाळ काढायला कोणीतरी आत उतरावे लागते. शाळेसाठी एखादे ‘मुक्त’ माध्यम निवडताना शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून तीन प्रश्नांची उत्तरे शोधून घ्यावीत: हा सर्व्हर कोण चालवतो, त्याला पैसे कोठून मिळतात, आणि तो उद्या बंद पडला तर आपले लेखन कोठे असेल? उत्तरे मिळाली नाहीत, तर ते माध्यम मुक्त असले तरी अद्याप विसंबण्याजोगे नाही.