लक्ष लागते खरे, पण किती धावल्याने?

‘व्यायामाने एकाग्रता वाढते’ हे वाक्य आपण शिक्षक प्रार्थनेच्या वेळी सहज सांगून जातो आणि दहावीनंतर पी.टी.चा तास तितक्याच सहजपणे गणिताला देऊन टाकतो. लातूर आणि नांदेडला खोली करून राहणारी, शिकवणी, कॉलेज आणि अभ्यासिका यांत दिवस घालवणारी हजारो मुले आहेत. ‘लातूर पॅटर्न’ने त्यांना पुष्कळ दिले, पण त्यांचे चालणे खोलीपासून मेसपर्यंतच उरले. म्हणून या वाक्यामागचे संशोधन आम्ही जरा खरवडून पाहिले.

२०१२ मध्ये चँग आणि सहकाऱ्यांनी ७९ अभ्यासांची एकत्रित छाननी केली. सरासरी फायदा निघाला, पण लहानसा. तोही व्यायामाची तीव्रता, चाचणीची वेळ आणि मुळातला काटकपणा यांवर अवलंबून. पुष्कळशा अभ्यासांत मध्यम व्यायामाने उत्तराचा वेग सुधारतो, अचूकता मात्र फारशी हलत नाही. चुकीच्या उत्तराला एक गुण वजा करणाऱ्या ‘नीट’च्या विद्यार्थ्याला हा फरक किरकोळ नाही. शिवाय आपण व्यायाम केला हे करणाऱ्याला ठाऊकच असते. औषधाच्या चाचणीत देतात तशी खोटी गोळी इथे देता येत नाही.

आमचा खरा आक्षेप आहे तो ‘मध्यम’ या शब्दावर. प्रयोगशाळेत तो हृदयाच्या कमाल ठोक्यांच्या टक्केवारीत मोजतात आणि कमाल ठोके पुष्कळदा ‘२२० वजा वय’ या सूत्राने काढतात. अठरा वर्षांच्या मुलाला ते २०२ येतात. तनाका यांच्या २००१ च्या सूत्राने (२०८ वजा वयाच्या ०.७ पट) सुमारे १९५. दोन्ही सरासऱ्याच, प्रत्यक्ष मुलगा दोहोंपासून दहा ठोके दूर असू शकतो. याच शहरांत पहाटे पोलीस भरतीसाठी १६०० मीटरचा सराव करणारी मुले आहेत. त्यांना हलकी वाटणारी मैदानाची फेरी अभ्यासिकेतल्या मुलाला धाप लावते. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हृदयाला अंग थंड राखण्यासाठी त्वचेकडेही जास्त रक्त पाठवावे लागते आणि त्याच फेरीला ठोके आणखी वाढतात. थंड खोलीतल्या सायकलवरचे ‘मध्यम’ इथे ‘तीव्र’ होऊन बसते.

गोंगाट करणाऱ्या वर्गाला आम्हीही पूर्वी मैदानाच्या पाच फेऱ्या मारायला लावत असू. वर्ग शांत होई. पण फळ्याकडे कोणाचेच लक्ष नसे, हे कबूल केले पाहिजे.

तेव्हा सूत्रापेक्षा बोलून पाहावे. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, तो वेग मध्यम. दमा किंवा रक्तक्षय असलेल्यांना वगळून अर्ध्या वर्गाला सकाळच्या गारव्यात वीस मिनिटे असे चालवावे, उरलेल्यांनी बसून वाचावे. मग सर्वांनी दोन मिनिटांत वर्तमानपत्राच्या उताऱ्यातील ‘क’ खोडावेत. किती खोडले आणि किती निसटले, हे वेगवेगळे मोजावे. दुसऱ्या दिवशी उतारा बदलावा आणि गटांची अदलाबदल करावी, नाहीतर सरावाचा फायदा व्यायामाच्या खात्यावर जमा होईल.