इम्बॅलन्सचे खाते

समीक्षा पुस्तकांची करावी, फार तर नाटकांची. पण चिरंजीवांनी संगणकात ‘ग्नूकॅश’ नावाचा घरगुती हिशेबाचा प्रोग्रॅम भरला आणि ‘बाबा, सुट्टीत पोरांना शिकवा’ असे सांगून ते कामावर निघून गेले. तेव्हापासून नाइलाजाने आम्ही समीक्षक झालो आहोत. नातू आठ वर्षांचा, नात सहाची.

पहिला आक्षेप दारातच. आत शिरताच अ‍ॅसेट्स, लायबिलिटीज, इक्विटी वगैरे पाच द्वारपाल उभे. नात म्हणाली, “आजोबा, इक्विटी कोण?” मी म्हटले, “मोठी झालीस की कळेल.” मलाही अजून मोठे व्हायचे आहे.

गाभा मात्र अस्सल. प्रोग्रॅमची पहिली आवृत्ती १९९८ ची, दमडी न मोजता मिळणारी. पण आतली विद्या लुका पाचोली नावाच्या ख्रिस्ती साधूने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापून ठेवलेली. पैसा नाहीसा होत नाही, एका खात्यातून निघून दुसऱ्यात जातो. म्हणून प्रत्येक नोंद दोनदा. हे पेन्शनचे उदाहरण घेऊन समजावले, तर पोरांनी जांभया दिल्या.

मग मे महिना मदतीला आला. आमच्या गडचिरोलीकडे हा तेंदूपत्त्याचा हंगाम. शेजारच्या अंगणात बायका पुडकी बांधत होत्या : सत्तर पानांचे एक पुडके, हजार पुडक्यांची एक गोणी. पोरांना तिथेच नेऊन बसवले. पान झाडावरून निघाले, पुडक्यात गेले; पुडके फळीवर, म्हणजे खरेदीच्या ठिकाणी गेले; त्याचे पैसे बाईच्या बँकेत. दोघांनाही चटकन पटले. नात तेवढी थांबली. “मग झाडाच्या खात्यात काय आलं?”

प्रोग्रॅमला विचारून पाहिले. तो झाडाला ‘इन्कम’च्या फांदीवर टांगतो आणि गप्प बसतो. झाडाला काही परत द्यायचे असते, अशी शंका पाचोलीबुवांनाही आली नसावी. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला ती आली. नावातच लेखा! २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये गावाने स्वतःच्या वाहतूक पासावर बांबू विकला. किती तोडायचा आणि किती उभा ठेवायचा, हे तिथे ग्रामसभा ठरवते. उभ्या बांबूचे हे खाते ग्नूकॅशमध्ये कुठल्या कळीने उघडते, ते कुणी मला दाखवावे.

एका बाबतीत मात्र प्रोग्रॅम निर्दयपणे चोख आहे. पैसे कुठे गेले ते सांगितले नाही, तर तो तेवढी रक्कम आपणहून ‘इम्बॅलन्स’ नावाच्या खात्यात टाकतो. कुरकुर नाही, चौकशी नाही. नातवाने सरावासाठी माझ्या खिशाचा महिन्याचा हिशेब घेतला. दूध, पेपर, सायकलचे पंक्चर, सारे जागच्या जागी बसले. रोजचे वीस रुपये तेवढे राहिले. मी म्हटले, “किरकोळ रे.” नातू म्हणाला, “किरकोळ नावाचं खातं नाही.”

आणि त्याने स्वयंपाकघराकडे तोंड करून आरोळी ठोकली, “आजी, आजोबांचे सहाशे रुपये इम्बॅलन्समध्ये गेले!”

सौ. लाटणे हातात घेऊनच बाहेर आली. चष्मा चढवून तिने पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला. तिला इंग्रजी फारसे येत नाही.

“यात खर्रा कुठं लिहिलाय?”